चिरीमिरीची खानेसुमारी

दिवाळीच्या दिवसांत आपल्या दाराशी कोण कोण येते, त्यांची एकदा यादी करून पाहा. पोस्टमन येतो, गॅसचे सिलिंडर आणणारा येतो, कचरा नेणारा येतो, इमारतीचा रखवालदार येतो. ह्या मंडळींच्या हातावर आपण जे ठेवतो त्याला वाडवडिलांनी ‘पोस्त’ असे छान नाव देऊन ठेवले आहे. पोस्त देताना मनाला काही टोचत नाही. उलट द्यायची राहिली तर टोचते. आता यादीत थोडे वर सरकू या. ज्या कारकुनाने जन्माचा दाखला चटकन काढून दिला, त्याच्या घरी मिठाईचा पुडा पाठविला तर ती पोस्त की लाच? आणि तोच पुडा दाखला निघण्यापूर्वी पाठविला असता तर? घरात चार माणसे असतील तर चार उत्तरे येतील, आणि त्यांतले एक तरी ‘तुम्हाला काय करायच्या आहेत नसत्या चौकशा!’ असे असेल.

मला मात्र नसत्या चौकशा कराव्या लागतात, कारण तोच माझा धंदा होता. आयुष्याची पुष्कळ वर्षे मी मराठवाड्यात, आणि त्यातही जालना जिल्ह्यात, घरोघर हिंडून प्रश्न विचारण्यात घालविली. घरात खाणारी तोंडे किती, धान्य किती लागले, गुरे किती, आजारपणाला खर्च किती झाला, असे ते साधे प्रश्न. लोकांनी चहा पाजला, कधी कुत्रे सोडले, आणि बहुतेकांनी खरी उत्तरे दिली. निवृत्त झाल्यावर एका स्नेह्याने मला एक निराळाच प्रश्न घातला. तो म्हणाला, “सगळे म्हणतात, पैसे दिल्याशिवाय काम होत नाही. पण देशातल्या किती घरांना, कोणत्या कचेरीत, किती पैसे द्यावे लागतात, हे तुमच्या त्या घरोघरच्या पद्धतीने मोजता येईल का?” मी म्हटले, येईल. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि लक्षात आले की धान्य मोजणे निराळे आणि ही चिरीमिरी मोजणे निराळे.

हे काम जगात कोणी केलेच नाही असे मात्र नाही. वर्तमानपत्रांत दर वर्षी जी भ्रष्टाचाराची क्रमवारी छापून येते, ती ‘ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल’ ह्या संस्थेची. ती १९९५ पासून निघते. २०२४ साली तीत भारताला १०० पैकी ३८ गुण मिळाले. पण हे गुण तुम्हांआम्हांला विचारून दिलेले नसतात. तज्ज्ञ आणि व्यापारउदीम करणारे लोक ह्यांना एखाद्या देशाचा सरकारी कारभार कसा वाटतो, त्याचे ते मोजमाप आहे. ‘वाटणे’ ही काही टाकाऊ गोष्ट नव्हे. पण वाटण्यात ऐकीव गोष्टी फार मिसळतात. एखादा मोठा घोटाळा गाजला की ज्याने जन्मात तहसील कचेरीची पायरी चढलेली नाही त्यालाही सगळीकडे अंधार दिसू लागतो. त्याच संस्थेची दुसरी एक पाहणी सामान्य माणसाला थेट विचारते : गेल्या बारा महिन्यांत तुम्ही स्वतः पैसे दिलेत का? २०२० च्या आशियातल्या पाहणीत, सरकारी सेवा घेतलेल्या भारतीयांपैकी ३९ टक्क्यांनी ‘हो’ म्हटले, आणि ४६ टक्क्यांनी ओळखीपाळखी वापरल्याचे सांगितले. आता ३८ आणि ३९ हे आकडे शेजारी शेजारी दिसतात म्हणून त्यांना भाऊ समजू नये. एक परीक्षेतले गुण आहेत, दुसरे माणसांचे प्रमाण आहे. चौकाचौकांतल्या चर्चेत ह्या दोहोंची सर्रास भेळ होते, आणि ती खाऊन लोक तावातावाने भांडतात.

आपल्या देशातही दिल्लीच्या ‘सेंटर फॉर मीडिया स्टडीज’ ह्या संस्थेने २००० पासून अशा पाहण्या केल्या. २००५ च्या पाहणीत सुमारे ५३ टक्के कुटुंबांनी वर्षभरात निदान एकदा लाचेचा अनुभव आल्याचे सांगितले होते. २०१७ च्या पाहणीत हे प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास आले. वीस राज्यांतल्या कुटुंबांनी दिलेल्या रकमेचा अंदाजही २०,५०० कोटींवरून ६,३५० कोटींवर उतरला. आकडे दिलासा देणारे आहेत. पण २०१७ च्या पाहणीतली घरे होती तीन हजारांच्या थोडी वर. आता थोडे गणित करू. वीस राज्यांत तीन हजार, म्हणजे सरासरीने एका राज्याला दीडशे घरे. महाराष्ट्रात जिल्हे छत्तीस. दीडशेला छत्तिसांनी भागले की जालन्याच्या वाट्याला येतात चार घरे! तीही कागदावर, प्रत्यक्षात नमुना काही ठिकाणीच गोळा होतो, त्यामुळे आमच्या जिल्ह्यात एकही घर आले नसेल तर नवल नाही. देशाचा एक आकडा काढायला हे चालते. पण जालन्याचा माणूस विचारील की माझ्या तालुक्याचे काय, तर त्याला सांगण्यासारखे त्यात काहीच नसते.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा निघाला, परभणीचा परतूर तालुका त्याला जोडला गेला. आज तालुके आठ. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या वर, आणि पाचांतली चार माणसे खेड्यांत राहणारी. शहरात लोखंडाच्या सळया, बियाणे आणि मोंढा; ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण त्याच वैभवाची. शहर सोडून अर्धा तास गेले की कापूस, सोयाबीन, मोसंबीच्या बागा, आणि पावसाकडे लागलेले डोळे. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० साली सुरू झाली, तिच्या नकाशात मराठवाड्याचे सगळे जिल्हे मिळून एक विभाग होतो. म्हणजे तिथेही जालन्याचा स्वतंत्र आवाज नाही, मराठवाड्याच्या कोरसमध्ये तो मिसळलेला आहे. जिल्ह्याजिल्ह्याचा आकडा हवा असेल तर साधारण चारशे घरे तरी प्रत्येक जिल्ह्यात घ्यावी लागतात. तेव्हा कुठे उत्तर पाच टक्के इकडेतिकडे एवढ्या नेमकेपणाने येते, आणि गावे गोळ्याने निवडली तर त्याहूनही जास्त घरे लागतात. देशातले सातशेच्या वर जिल्हे धरले तर हा आकडा तीन लाख घरांच्या पुढे जातो. कोणी म्हणेल, हे कसे शक्य आहे? तर २०१९ ते २०२१ ह्या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ७०७ जिल्ह्यांतली ६ लाख ३६ हजारांहून अधिक घरे पाहिली गेली, आणि तीही मध्ये करोनाची साथ असताना. बाळाचे वजन आणि आईचे रक्त मोजायला आपण एवढी घरे हिंडू शकतो. तेव्हा प्रश्न ऐपतीचा नाही.

‘लाच’ हा शब्द उच्चारू नये

खरी मेख प्रश्नाच्या शब्दांत आहे. अंबड तालुक्यातल्या एका गावी खर्चाच्या पाहणीसाठी गेलो असताना एका विधवा बाईंशी बोलणे झाले होते. नवरा गेल्यावर शेत तिच्या आणि मुलांच्या नावावर लागायचे होते. वारसाचा फेरफार म्हणजे तलाठ्याने नोंद घ्यायची, पंधरा दिवसांची नोटीस लागायची, आणि कोणाची हरकत नसली तर मंडळ अधिकाऱ्याने ती मंजूर करायची. मी सहज विचारले, “मावशी, ह्या कामी कुणाला लाच द्यावी लागली का?”

“न्हाई दादा,” ती म्हणाली, “लाच मोठे लोक देतेत. आम्हा गरिबाकडं कुठली लाच?”

“मग एकूण खर्च किती आला?”

तिने बोटे मोडून हिशेब सांगितला. कागदाचे इतके, टायपिंगचे इतके, जाण्यायेण्याचे इतके, आणि ‘साहेबाच्या माणसाचे’ इतके. शेवटची रक्कम आधीच्या तिन्ही मिळून होती त्याच्या दुपटीहून जास्त. पावती कशाची मिळाली, असे विचारल्यावर ती हसली.

आता माझ्या कागदावर पहिल्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिले गेले असते तर ते खोटे नव्हते. तिच्या दृष्टीने ते खरेच होते. पण देशाच्या हिशेबातून तिचे पैसे मात्र नाहीसे झाले असते. आमच्या भागात ह्या देण्याघेण्याला नावे तरी किती! चहापाणी, खुशाली, वजन ठेवणे, हात ओले करणे. निजामी अमदानीतला ‘मामूल’ हा शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी मी ऐकलेला आहे. मामूल म्हणजे नेहमीचे, रिवाजाचे. जे रिवाजाचे झाले त्याला गुन्हा कोण म्हणणार? कौटिल्याने अर्थशास्त्रात सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार मोजून ठेवले, पण जनतेने त्यांना चाळीस लाडकी नावे दिली असतील हे त्याने धरले नसावे.

म्हणून प्रश्नावलीत ‘लाच’ हा शब्द शक्यतो येऊच नये, किंवा अगदी उशिरा यावा. त्याऐवजी असे विचारावे : गेल्या वर्षभरात तुमचे तलाठ्याकडे काही काम निघाले का? भूमी अभिलेखात मोजणीसाठी गेलात का? वीज मंडळात, पोलीस ठाण्यात, सरकारी दवाखान्यात, पंचायत समितीत? एकेक कचेरीचे नाव घेऊन विचारावे, म्हणजे आठवण जागी होते. काम निघाले असेल तर : एकूण किती खर्च आला? पावती कितीची मिळाली? उरलेले कोणाच्या हातात गेले? पैशांऐवजी काही वस्तू दिली का? हा शेवटचा प्रश्न जालन्यात तर विसरूच नये. इकडे मोसंबीची पेटी जाते, थंडीत शेतावर हुरड्याचे आमंत्रण जाते. हुरडा हा आमच्याकडचा मोठा लोभस पाहुणचार. माझा त्याला मुळीच विरोध नाही. पण मोजणीची तारीख आणि हुरड्याची तारीख एकाच आठवड्यात पडली, तर त्याची नोंद व्हायला हवी.

मध्यस्थाचेही तसेच. पैसे फार क्वचित साहेबाच्या हाती जातात. ते एजंटाच्या, झेरॉक्सवाल्याच्या, गावातल्या ‘कामे करून देणाऱ्या’च्या हाती जातात. त्याने त्यातले किती स्वतः ठेवले, किती वर दिले, हे देणाऱ्याला ठाऊक नसते. तेव्हा एजंटाची मेहनत आणि साहेबाचा वाटा ह्यांची फोड घरोघरच्या पाहणीत पुरती होत नाही. ती झाली असे जो अहवाल म्हणेल, त्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

दुसरा घोळ भागाकाराचा. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली जी शाश्वत विकासाची उद्दिष्टे ठरविली, त्यांत लाचेचे मोजमाप आहे. त्याची व्याख्या अशी की ज्यांचा गेल्या बारा महिन्यांत सरकारी माणसाशी निदान एकदा संबंध आला, त्यांच्यापैकी किती जणांनी लाच दिली किंवा किती जणांकडे ती मागितली गेली. समजा, एका गावात हजार प्रौढ आहेत. त्यांतल्या दोनशेंचे कचेरीत काम निघाले, आणि पन्नासांनी पैसे दिले. हजारांत पन्नास म्हणजे पाच टक्के; दोनशेंत पन्नास म्हणजे पंचवीस. गाव तेच, पैसे तेच. पुढाऱ्याला पहिला आकडा आवडेल, विरोधकाला दुसरा. संबंध आलेल्यांनी भागणे हेच मला रास्त वाटते. पण त्यातही एक गाळण राहते. जो माणूस पैसे मागतील ह्या धास्तीने कचेरीत गेलाच नाही, ज्याने मोजणीचा विचार सोडून बांधावरचे भांडण तसेच चालू ठेवले, तो दोन्ही हिशेबांत सापडत नाही. त्याला वेगळे विचारावे लागते : एखादे काम तुम्ही करायचे सोडून दिलेत का, आणि कां?

काळाचा प्रश्न त्या मानाने सोपा, पण त्यात एक गंमत आहे. ‘गेल्या बारा महिन्यांत’ असे विचारले की खेड्यातला माणूस तीन वर्षांपूर्वीची चिडही त्यात घालतो. राग ताजा असतो ना! त्याला सणाची खूण दिली की बरे पडते : ‘मागल्या दिवाळीपासून ह्या दिवाळीपर्यंत’. मी स्वतः ही खूण पुष्कळदा वापरली. पण पंचांग जवळ ठेवावे लागते. २०२३ साली अधिक श्रावण होता, आणि त्यामुळे २०२२ ची दिवाळी ते २०२३ ची दिवाळी हे वर्ष ३८४ दिवसांचे झाले. एरवी तेच ३५४ दिवसांचे भरते. एका महिन्याची लाच फुकटात वाढायची!

नाणे उडवून सांगा

आता सर्वांत अवघड गोष्ट. २०१८ साली लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली आणि लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरला. सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सुटका आहे, पण सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळविले पाहिजे. म्हणजे मी कोणाच्या ओसरीवर बसून ‘पैसे दिलेत का?’ असे विचारतो, तेव्हा कायद्याच्या भाषेत मी त्याला गुन्हा कबूल करायला सांगत असतो. मावशीला हे ठाऊक नव्हते. ते ठाऊक नसलेल्या माणसाकडून उत्तर काढून घेणे मला बरे वाटत नाही. सरकारी आकडेवारीच्या २००८ च्या कायद्यात, दिलेली माहिती केवळ आकडेवारीसाठीच वापरायची असे बंधन आहे. पण कागदावरचे बंधन आणि गावातली कुजबुज ह्यांत कुजबूज अधिक वेगाने धावते.

ह्यावर स्टॅन्ली वॉर्नर ह्या संख्याशास्त्रज्ञाने १९६५ साली एक युक्ती काढली. तिचे एक सोपे रूप सांगतो. उत्तर देणाऱ्याच्या हाती नाणे द्यायचे. त्याने ते आपल्याला न दाखविता उडवायचे. छापा पडला तर काहीही झालेले असो, ‘हो’ म्हणायचे. काटा पडला तर खरे सांगायचे. आता त्याचे ‘हो’ हे नाण्याचे की त्याचे स्वतःचे, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. पण हजार माणसांचे गणित कळते. सुमारे पाचशेंना छापा पडला, त्यांनी ‘हो’ म्हटले. एकूण ‘हो’ जर ६२० आले, तर वरचे १२० हे काटा पडलेल्या पाचशेंतले. म्हणजे २४ टक्के. एकाही माणसाचे गुपित न फोडता गावाचे गुपित हाती येते! किंमत एवढीच की निम्मी उत्तरे वाया जातात, म्हणून घरे अधिक घ्यावी लागतात. आणि दुसरी किंमत म्हणजे समजावण्याची. हा डाव मी एकदा गंमत म्हणून पारावर करून दाखविला, तेव्हा एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “मास्तर, छापा पडल्यावर मी केलेलीच नाही ती गोष्ट केली म्हणू? ह्या वयात खोटं बोलाया लावता का?” त्यांना माझ्याजवळ उत्तर नव्हते. शहरात ही युक्ती चालेल. खेड्यात मला तिच्यापेक्षा साधा एकांत बरा वाटतो.

एकांत मात्र हवाच. गावात शिरताना ग्रामसेवक बरोबर घेतला की पाहणी तिथेच संपली असे समजावे. घरातही कर्त्या पुरुषाला विचारून भागत नाही. बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात कोणाच्या हातावर काय ठेवले, ते सासूला ठाऊक असते. रेशनच्या दुकानातले सुनेला. म्हणून घरातल्या प्रौढांपैकी चिठ्ठी टाकून किंवा ज्याचा वाढदिवस जवळ आहे त्याला निवडून, त्याच्याशीच बोलायचे. ह्या बाबतीत जन्मतारखांचा जो सावळागोंधळ आहे तो पाहता मी चिठ्ठीचा पक्षपाती आहे. आणि पाहणी कोणत्या महिन्यात करायची, तेही पाहिले पाहिजे. दसरा-दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात निघून जातात. पौषात गेलात तर दारांना कुलपे. बंद घराऐवजी शेजारचे उघडे घर घेतले की गावातले सगळ्यांत गरजू लोकच हिशेबातून गळतात.

प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस ह्यांची एक जुनी रीत इथे मोलाची आहे. एकाच मुलखातले दोन स्वतंत्र नमुने काढायचे, आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन तुकड्यांना ते द्यायचे. दोघांचे आकडे जुळले तर ठीक. एकीला दहा टक्के आणि दुसरीला तीस टक्के मिळाले, तर गावापेक्षा विचारणारे निराळे आहेत असे समजायचे.

एवढे सगळे करूनही काही गोष्टी ह्या जाळ्यात येत नाहीत. २०२५ मध्ये अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतल्या अतिवृष्टीच्या अनुदानाचे प्रकरण गाजले. बनावट लाभार्थी दाखवून कोट्यवधी रुपये उचलल्याचा आरोप झाला, अनेक तलाठी निलंबित झाले. तिथे घरोघर जाऊन ‘तुमच्याकडे कोणी पैसे मागितले का?’ असे विचारले असते, तर प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच आले असते. मागितलेच नव्हते, परस्पर नेले होते. पाहणी फक्त खिडकीतले व्यवहार मोजते. मागच्या दाराने काय गेले, त्यासाठी हिशेबनीसच लागतो.

उलट, लाचलुचपत विभागाने वर्षात किती सापळे लावले ह्यावरून लाच मोजणारेही भेटतात. ज्या राज्यात गुन्हे जास्त नोंदले जातात ते राज्य जास्त भ्रष्ट, असे समजणे म्हणजे ज्या गावात डॉक्टर आहे तिथेच आजार जास्त असे म्हणण्यासारखे आहे. नायजेरियात २०१६ साली तिथल्या सरकारी सांख्यिकी कचेरीने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने ३३,०६७ घरे पाहिली. सरकारी माणसाशी संबंध आलेल्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश लोकांनी लाच दिली होती किंवा त्यांच्याकडे ती मागितली गेली होती. देणाऱ्यांपैकी तक्रार केली होती, चार टक्क्यांहूनही कमी लोकांनी. मेक्सिकोची सरकारी कचेरी २०११ पासून दर दोन वर्षांनी अशी पाहणी करते. सरकारने स्वतःचीच अशी नाडी पाहणे ही मोठी धाडसाची गोष्ट आहे. आपल्याकडे हे काम आजवर मुख्यतः खाजगी संस्थांवर सोपविलेले राहिले.

मावशीलाही मी शेवटी विचारले होते, की १०६४ ह्या फुकटच्या क्रमांकावर तक्रार कां केली नाही. तिने आधी मलाच विचारले, हे लिहून नेल्यावर माझे पैसे परत येतील का? मी म्हटले, नाही. मग ती म्हणाली, “तक्रार करीन की. पण धाकट्या पोराची वाटणी अजून व्हायचीय. तो फेरफार कोणाकडं नेऊ?”

छापील प्रश्नावल्यांत तक्रार न करण्याची ठराविक कारणे असतात : माहीत नव्हते, उपयोग नाही, भीती वाटली. मावशीचे उत्तर ह्या तिन्हींत बसत नव्हते. माझ्या मसुद्यात मी त्याला स्वतंत्र चौकट दिली आहे : ‘त्याच कचेरीत अजून काम उरले आहे’.